साधेपणा कोणाचा? : पालघरच्या पट्ट्यातील दोन मराठी संहितांचे वाचन

१

‘साधेपणा’ हा शब्द मराठी समीक्षेत विपुल वापरला जातो. त्याची संकल्पना म्हणून चिकित्सा मात्र फारशी झालेली नाही. शैलीचा साधेपणा, जगण्याचा साधेपणा आणि माणसांचा साधेपणा या तीन भिन्न गोष्टी आहेत. त्या एकाच शब्दात सामावल्या गेल्यामुळे एका गोष्टीची स्तुती दुसरीच्या खात्यावर सहज जमा होते. विशेषतः संकटाच्या काळात वाचक ज्या लेखनाकडे दिलासा शोधत वळतो, त्या लेखनाच्या संदर्भात ही गल्लत अधिकच होते. आधुनिक जीवनातील धावपळ, अस्थैर्य आणि भय यांवरचा उतारा म्हणून ‘साधी माणसे’, ‘साधे जगणे’ पुढे केले जाते. २०२०च्या टाळेबंदीत कमी गरजांच्या जीवनाविषयी जे लेखन शहरी मराठी वाचकांसमोर आले, त्याचाही सूर बहुतांशी हाच होता. साधेपणातून शहाणपण आणि शहाणपणातून सांत्वन असा हा क्रम आहे. तो इतका परिचित झाला आहे की त्यातील पहिलाच दुवा, म्हणजे साधेपणा नेमका कोणाचा हा प्रश्न, विचारण्याची गरज कोणाला वाटत नाही.

पाश्चात्त्य समीक्षेत हा प्रश्न ‘पॅस्टोरल’ या संज्ञेच्या निमित्ताने चर्चिला गेला आहे. विल्यम एम्प्सन यांनी ‘सम व्हर्जन्स ऑफ पॅस्टोरल’ (१९३५) या ग्रंथात या साहित्यप्रकाराचे मर्म सांगितले ते असे, की त्यात गुंतागुंतीचा अनुभव साध्या माणसाच्या रूपात बसवला जातो. रेमंड विल्यम्स यांनी ‘द कंट्री अँड द सिटी’ (१९७३) मध्ये पुढचे पाऊल टाकले. गावाकडच्या सुखी, साध्या दिवसांची आठवण प्रत्येक पिढी आपल्या आधीच्या पिढीत शोधते, आणि त्या आठवणीत शेतात राबणाऱ्याचे श्रम पद्धतशीरपणे अदृश्य होतात, हे त्यांनी दाखवले. या दोन्ही मांडण्या इंग्रजी साहित्याच्या इतिहासातून आलेल्या आहेत. त्या मराठीवर जशाच्या तशा लादण्यात अर्थ नाही. तथापि, श्रम अदृश्य करणारा साधेपणा आणि श्रम दृश्य करणारा साधेपणा हा त्यांतून हाती येणारा भेद मराठीतही उपयोगी पडतो.

‘श्यामची आई’चे उदाहरण या दृष्टीने पाहण्याजोगे आहे. साने गुरुजींनी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिलेले हे पुस्तक पुढे अनेक पिढ्यांचे सांत्वन करीत आले. त्यातील दारिद्र्य हे एका खोत घराण्याला आलेले दारिद्र्य आहे. त्याच्या मागे गतवैभवाची स्मृती आहे, आणि त्या स्मृतीच्या पार्श्वभूमीवर आईचा स्वाभिमान व संयम यांना नैतिक उंची लाभते. ज्याने कधी काही गमावलेच नाही, कारण त्याच्यापाशी गमावण्यासारखे काही ठेवलेच गेले नव्हते, त्याच्या अभावाला हे सांत्वनाचे व्याकरण लावता येईल काय? प्रस्तुत लेखात हा प्रश्न एका विशिष्ट भूप्रदेशातून आलेल्या दोन संहितांच्या आधारे तपासावयाचा आहे : गोदावरी परुळेकर यांचे ‘जेव्हा माणूस जागा होतो’ आणि अनुताई वाघ यांचे ‘कोसबाडच्या टेकडीवरून’.

२

हा भूप्रदेश म्हणजे पश्चिम रेल्वेच्या रुळांच्या दोन्ही बाजूंना पसरलेला पालघर, बोईसर, डहाणू, तलासरीचा पट्टा. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर हा स्वतंत्र जिल्हा झाला; त्याआधी हा सारा भाग ठाणे जिल्ह्यात होता. रुळांच्या पश्चिमेला खाजणे, वाड्या आणि मच्छीमारांची गावे आहेत. पूर्वेला डोंगर, जंगल आणि वारल्यांचे पाडे. या दोहोंच्या मध्ये बोईसरची औद्योगिक वसाहत आणि समुद्रकाठी तारापूरचे अणुवीज केंद्र उभे आहे. या केंद्राच्या पहिल्या दोन अणुभट्ट्या १९६९ मध्ये सुरू झाल्या. ‘जेव्हा माणूस जागा होतो’ हे पुस्तक १९७० मध्ये प्रसिद्ध झाले आणि १९७२ मध्ये त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. देशातील पहिली अणुवीज आणि वेठबिगारीच्या अंताची कहाणी एकाच परिसरातून जेमतेम एका वर्षाच्या अंतराने मराठी वाचकासमोर आली, हा केवळ योगायोग असला तरी तो अर्थशून्य नाही. ‘साधेपणा’ या शब्दाचा येथे जो उपयोग होतो, तो या दोन टोकांच्या ताणातच होतो.

दोन लेखिकांचे साधर्म्यही लक्षणीय आहे. गोदावरी परुळेकर (१९०७–१९९६) आणि अनुताई वाघ (१९१०–१९९२) यांच्या जन्मात तीन वर्षांचे अंतर आहे. दोघींचा जन्म पुणे परिसरातला. दोघी उच्चवर्णीय, शिकलेल्या आणि घराबाहेर पडलेल्या. दोघींच्या आयुष्याला वळण देणारे वर्षही एकच, १९४५. त्या वर्षी २३ मे रोजी झरी येथे वारल्यांची परिषद झाली आणि वेठ नाकारण्याचा निर्धार झाला. त्याच वर्षी ताराबाई मोडक यांनी बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले आणि अनुताई त्यांच्या सोबतीला आल्या. पुढे हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. एकीने लाल बावट्याखाली काम केले, दुसरीने बालशिक्षणाच्या विधायक परंपरेत. मराठी वाङ्मयेतिहासात या दोन पुस्तकांची नोंद सामान्यतः वेगवेगळ्या कप्प्यांत होते, एकाची चळवळीच्या साहित्यात आणि दुसऱ्याची शैक्षणिक आत्मकथनात. ती शेजारी ठेवून वाचली, तर साधेपणाविषयी त्यांच्यात एक मूक संवाद चालू असल्याचे जाणवते.

३

‘जेव्हा माणूस जागा होतो’ या शीर्षकातील नाम ‘माणूस’ आहे. ‘वारली’ किंवा ‘आदिवासी’ नाही. ही निवड संहितेच्या गाभ्याशी निगडित आहे. ज्या व्यवस्थेचे चित्रण लेखिका करते, तिच्यात वारल्याचे माणूसपणच नाकारलेले आहे. जमीनदाराच्या शेतावर मोबदल्याविना राबणे ही वेठ. लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी नवराबायकोने सावकाराच्या दारी बांधले जाणे ही लग्नगड्याची प्रथा. पावसाळ्यात पोटासाठी धान्य उसने घ्यायचे आणि पीक आले की वाढीव मापाने फेडायचे, ही खावटी. या व्यवस्थेत वारली अत्यंत ‘साधा’ जगतो. त्याची झोपडी कारवीच्या कुडाची, अन्न नाचणीचे किंवा रानातल्या कंदांचे, वस्त्र लंगोटीपुरते. दिलासा शोधणाऱ्या वाचनाला जे जे हवे असते ते सारे येथे आहे. परुळेकरांच्या संहितेचे सामर्थ्य असे की ती या तपशिलांना सौंदर्यमूल्य लाभू देत नाही. झोपडी ही हवेशीर निवारा म्हणून येत नाही; ती जेथून माणसाला केव्हाही बोलावून नेता येते अशी जागा म्हणून येते. अन्न हे मिताहार म्हणून येत नाही. उरलेले धान्य कोठे गेले, हा प्रश्न त्याच्यासोबतच येतो.

‘साधा’, ‘भोळा’ ही विशेषणे वारल्यांच्या संदर्भात कोण वापरते, हे पाहणे येथे उद्बोधक ठरते. शोषणाच्या भाषेत या विशेषणांना एक निश्चित कार्य असते. जो भोळा आहे त्याला हिशेब कळत नाही, म्हणून हिशेब दुसऱ्याने ठेवावयाचा. ज्याच्या गरजा कमी आहेत त्याला मजुरी कमी दिली तरी अन्याय होत नाही. अशा रीतीने साधेपणाची स्तुती हीच वंचनेची सबब होते. परुळेकरांनी हे तात्त्विक भाषेत मांडलेले नाही, पण त्यांच्या निवेदनाची रचना ते दाखवून देते. निवेदिका वारल्यांच्या झोपड्यांत राहते, त्यांच्यासोबत खाते, पायी हिंडते; मात्र या राहणीत आपल्याला शांती गवसली असा सूर ती लावत नाही. तिला जे समाधान मिळते ते भय ओसरताना पाहण्याचे आहे. मान वर करून बोलणारा वारली हे या पुस्तकातील सांत्वनाचे चित्र आहे, आणि त्याची किंमतही ती लपवीत नाही. ऑक्टोबर १९४५ मध्ये तलवाडा येथे झालेल्या गोळीबारात जेठ्या गांगड आणि आणखी चार वारली मारले गेले.

या संहितेची मर्यादाही नोंदवली पाहिजे. ‘जागा होतो’ या क्रियापदात आधीची निद्रा गृहीत आहे. वारल्यांची गाणी, त्यांची कणसरी देवी, लग्नातला चौक, तारप्याचा नाच यांत साठवलेले जे ज्ञान आहे, त्याला या रूपकात जागा मिळणे अवघड होते. जो झोपलेला आहे त्याच्यापाशी स्वप्ने असतील, शहाणपण कसे असेल? साधेपणाच्या खोट्या गौरवाला नकार देताना परुळेकरांचे रूपक वारल्यांच्या स्वतःच्या अर्थव्यूहालाही काही प्रमाणात बाजूला सारते. हा दोष व्यक्तीचा नाही. तत्कालीन वर्गीय विचारव्यूहाने संस्कृतीकडे ज्या नजरेने पाहिले त्या नजरेचा आहे. तथापि, तो मान्य केल्यावाचून या पुस्तकाचे आजचे वाचन पूर्ण होत नाही.

४

अनुताई वाघ यांच्या लेखनात प्रश्नाची दुसरी बाजू समोर येते. ताराबाई मोडक यांनी गिजुभाई बधेका यांच्या सहवासात भावनगरला मॉन्टेसरी पद्धती आत्मसात केली होती. या पद्धतीची शास्त्रशुद्ध साधने महाग होती, आणि ती शहरी, सुस्थित मुलांसाठी होती. बोर्डी–कोसबाडला या दोघींनी त्या साधनांच्या जागी शंख-शिंपले, बिया, पाने, खडे, माती आणली. मुले शाळेत येत नाहीत म्हटल्यावर शाळा त्यांच्या अंगणात नेली, ती अंगणवाडी. गुरे राखणारी मुले अंगणातही सापडत नाहीत म्हटल्यावर शाळा चराऊ रानात नेली; ती कुरणशाळा. ‘अंगणवाडी’ हा शब्द आज देशभर सरकारी कागदांत रुळला आहे. त्याच्या घडणीत या टेकडीचा आणि तिच्या पायथ्याच्या पाड्यांचा वाटा आहे, याचे विस्मरण झाले आहे.

येथे साधेपणा म्हणजे मुलांचा गुण नव्हे. तो शिक्षिकेची कृती आहे. हा फरक मूलभूत आहे. परदेशी साधन टाकून शिंपला हाती घेताना शिक्षिका आपल्या विद्येची प्रतिष्ठा कमी करते. शाळेची घंटा, इमारत, वेळापत्रक यांवरचा हक्क ती सोडते. शिंपला मुलाला परिचित असतो, शिक्षिकेलाच तो नव्याने शिकावा लागतो. म्हणजेच साधेपणा आचरण्याचे ओझे सत्ता ज्याच्यापाशी आहे त्याच्यावर येऊन पडते. कोसबाडच्या लेखनात जे शहाणपण आहे ते या अदलाबदलीतून आलेले आहे. ‘वारली मुले किती निरागस’ अशा उद्गारांपेक्षा रोजच्या कामाचे, फसलेल्या आणि साधलेल्या प्रयोगांचे तपशील जेथे येतात, तेथे हे लेखन अधिक उजळते.

याला लेखिकेच्या चरित्राचे एक परिमाण आहे. अनुताई तेराव्या वर्षी विवाहित झाल्या आणि काही महिन्यांतच विधवा झाल्या. त्या काळच्या ब्राह्मण विधवेवर लादला जाणारा साधेपणा, अर्थात वेष, आहार, हालचाल यांवरील निर्बंध, हा समाजाने तिच्यावर बजावलेला हक्क होता. शिक्षण आणि नंतर कोसबाड या मार्गाने त्यांनी जे जीवन निवडले ते बाहेरून पाहता तितकेच निरिच्छ दिसते. एका साधेपणात आज्ञा आहे, दुसऱ्यात निर्णय. दृश्य रूप जवळजवळ सारखे आणि अर्थ मात्र परस्परविरुद्ध, असे हे उदाहरण आहे. साधेपणाचे मूल्यमापन त्याच्या दृश्य तपशिलांवरून करता येत नाही, हे त्यातून स्पष्ट व्हावे.

कोसबाडच्या संहितेलाही तिचा ताण आहे, आणि तो शीर्षकातील एका प्रत्ययात दिसतो : ‘टेकडीवरून’. पाहणारा उंचावर आहे. शाळा अंगणात उतरली तरी निवेदन टेकडीवरच राहते. वारल्यांना जमिनीपासून, धान्यापासून कोणी तोडले, हा प्रश्न या उंचीवरून पुसट होतो, आणि दारिद्र्य हे प्रामुख्याने अज्ञानाचे फळ वाटू लागते. परुळेकरांना जे स्पष्ट दिसते ते येथे धूसर आहे. आणि अंगण, कुरण, शिंपला ही जी सूक्ष्मता येथे आहे ती परुळेकरांच्या संहितेत क्वचितच आढळते. दोन्ही पुस्तके एकमेकांची उणीव भरून काढतात ती या अर्थाने.

५

दोन्ही संहितांच्या बाहेर, परंतु त्यांच्याच प्रदेशात, तिसरी एक संहिता आहे : वारल्यांचा लग्नचौक. कुडाच्या सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने सुवासिनी तो काढतात आणि त्यात पालघट देवीची स्थापना होते. या रेखनाची साधने अत्यल्प आहेत. पांढरा एकच रंग. वर्तुळ, त्रिकोण, चौकोन एवढेच आकार. या अल्पतेवरून ‘साधी, बालसुलभ कला’ असा निष्कर्ष काढला जातो. यशोधरा दालमिया यांच्या ‘द पेंटेड वर्ल्ड ऑफ द वारलीज’ (१९८८) या अभ्यासाने वारली चित्र हे विधी, धान्य, मृत्यू आणि सुफलन यांच्या विचारव्यूहाशी जोडून वाचावयाचे असते, हे पुरेसे दाखवून दिले आहे. साधने मोजकी असणे आणि अर्थ साधा असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत.

१९७०च्या दशकात ही चित्रे भिंतीवरून कागदावर आली. गंजाडचे जिव्या सोमा म्हसे (१९३४–२०१८) यांनी ती जगभर नेली; २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्या प्रतिभेविषयी शंका नाही. प्रश्न आहे तो या आकृत्यांच्या शहरी ग्रहणाचा. पडद्यांवर, कपांवर, कार्यालयांच्या भिंतींवर तारपानृत्याची आकृती आज सांत्वनाची खूण म्हणून वावरते. निसर्गाच्या सान्निध्यात नाचणारी निश्चिंत माणसे असा तिचा अर्थ लावला जातो. ज्या वर्तुळाच्या केंद्राशी पेरणी-कापणीची सारी अनिश्चितता आहे, ते वर्तुळ येथे चिंतामुक्तीचे चिन्ह बनते. विल्यम्स ज्याला श्रमाचे अदृश्य होणे म्हणतात, त्याचे याहून नेमके मराठी उदाहरण सापडणे कठीण.

६

यावर एक गंभीर आक्षेप संभवतो. साधेपणाची अशी सामाजिक चिकित्सा केल्यास त्याचा आध्यात्मिक आशय उरत नाही. संतपरंपरेने शिकवलेले समाधान हे अंतःकरणाचे आहे, ते सत्तासंबंधांत विरघळवणे अन्यायाचे आहे, असे कोणी म्हणेल. आक्षेप दखलपात्र आहे. परंतु ज्या परंपरेचा हवाला दिला जातो तिच्याकडेच पाहावे. १६३०च्या सुमाराच्या भीषण दुष्काळानंतर तुकारामांनी घरच्या सावकारीतील आपल्या वाट्याची कर्जखते इंद्रायणीत बुडवली, असे परंपरा सांगते. या कथेत साधेपणाचा आरंभ कोठे होतो? स्वतःच्या गरजा कमी करण्यापूर्वी, इतरांच्या श्रमावरचा आपला हक्क सोडण्यात. दुष्काळाने पोळलेला तुकाराम कर्जदारांना अल्पसंतुष्ट राहण्याचा उपदेश करून थांबत नाही. तो त्यांची खतेच बुडवतो. वारकरी परंपरेतील समाधानाच्या मागे ही कृती उभी आहे, आणि ती वगळून केवळ समाधानाची भाषा उचलणे हाच त्या परंपरेवरचा अन्याय होय.

या कथेच्या उजेडात पालघरच्या पट्ट्यातील दोन्ही संहिता पुन्हा पाहता येतात. झरीच्या परिषदेत वारल्यांनी वेठ नाकारली, म्हणजे ज्याने हक्क सोडावयाचा त्याने तो सोडला नाही म्हणून तो नाकारावा लागला. कोसबाडला शिक्षिकेने स्वतःहून आपला अधिकार सोडला. तुकारामांची कृती या दोन घटनांना जोडणारी आहे. साधेपणा म्हणजे दुसऱ्याच्या जीवनावरील आपला दावा कमी करणे, अशी व्याख्या केली तर त्यात अध्यात्म आणि समाज यांचा विरोध राहत नाही. आणि ही व्याख्या केल्यावर साधेपणाचा उपदेश कोणाला करावयाचा, याचेही उत्तर मिळते. तो घेणाऱ्याला करावयाचा असतो. ज्याच्याकडून घेतले गेले त्याला नव्हे.

७

या भेदाची आजची निकड बोईसर–तारापूरला जितकी जाणवते तितकी अन्यत्र क्वचितच जाणवेल. अणुवीज केंद्राच्या तिसऱ्या आणि चौथ्या अणुभट्ट्यांसाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावे उठली. २००५–०६ मध्ये त्या अणुभट्ट्या सुरू झाल्या. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८च्या निर्देशांकात तारापूरची औद्योगिक वसाहत देशातील सर्वाधिक प्रदूषित वसाहत ठरली. शेजारच्या डहाणू तालुक्याला १९९१ मध्ये पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून संरक्षण दिले गेले. त्याच तालुक्यातील वाढवण येथील बंदराची पायाभरणी ऑगस्ट २०२४ मध्ये झाली, आणि किनाऱ्यावरचे मच्छीमार त्याला विरोध करीत आले आहेत. या लोकांच्या जगण्याला ‘साधे’ म्हणून गौरवणारे लेखन आणि त्याच जगण्याला ‘मागास’ ठरवून हटवणारे नियोजन, यांचे गृहीतक एकच असते : या लोकांच्या गरजा थोड्या आहेत, त्यांना थोडे पुरेल. ज्यांच्या विजेसाठी, ज्यांच्या रसायनांसाठी हा किनारा वापरला जातो, त्या शहरी वाचकाने याच किनाऱ्याच्या साधेपणात दिलासा शोधावा, यात एक क्रूर विसंगती आहे. समीक्षेने ती उघड केली नाही, तर ती केवळ आस्वादाची भाषा उरेल.

मग अशा काळात या साहित्याने दिलासा द्यावयाचाच नाही काय? तसे म्हणणे या दोन संहितांना धरून होणार नाही. दोन्हींतून दिलासा मिळतो, मात्र तो पलायनाचा नाही. परुळेकरांच्या पुस्तकात तो सोबतीचा आहे. एकटे असताना अटळ वाटणारे भय एकत्र जमल्यावर ओसरते, या अनुभवाचा. अनुताईंच्या लेखनात तो कामाचा आहे. साधने नाहीत म्हणून थांबावे लागत नाही, हाताशी आहे त्यातून आरंभ करता येतो, या प्रत्ययाचा. दोन्ही ठिकाणी शहाणपण वारल्यांपासून उचलून वाचकाला भेट दिलेले नाही. वारल्यांच्या सोबतीने वागताना लेखिकांना स्वतःत जो बदल करावा लागला, त्यात ते आहे. संकटात सापडलेल्या वाचकाला या लेखनातून घेण्यासारखे काही असेल तर तो हा बदल आहे.

देशीवादी समीक्षेने भूमीशी जोडलेल्या जगण्याचे मूल्य मराठी वाचकाला पटवून दिले, हे तिचे ऋण आहे. त्या भूमीवर कोणाचा हक्क होता आणि कोणाची वेठ होती, हा तपशील तिच्या चौकटीत आणणे हे पुढील अभ्यासकांचे काम आहे. त्यासाठी साधेपणाविषयीची प्रत्येक संहिता वाचताना ‘हे जगणे किती साधे आहे’ याच्या आधी ‘येथे कोणी काय सोडले’ हे विचारावे लागेल. काहीच न सोडता मिळालेला दिलासा संहितेत आढळला, तर त्याची किंमत त्याच संहितेत कोणीतरी मोजत असतो. त्याला शोधून काढणे हे समीक्षकाचे पहिले कर्तव्य ठरते.